अर्धा कप

मंगळवार, संध्याकाळ

थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल आला. राहात्याच्या डॉक्टरांनी मात्र बजावलं, गोळीमुळेच नॉर्मल आहे, बंद करायची नाही. उपाशीपोटी घ्यायची आणि पुढे तासभर चहासुद्धा नाही. केस गळतात, पाय सुजतात, सगळं सांगितलं त्यांना. चहाचं कसं सांगणार? हसले असते.

गोळी सुरू व्हायच्या आधी पहाटे उठलं की मी एकच कप चहा करायची. हे अर्धा बशीत ओतून घ्यायचे आणि कप माझ्याकडे सरकवायचे. बोलणं काय ते तेवढंच. मग धारा, डेअरी, शेत. दिवसभर गाठ नाही.

आता उठल्याउठल्या गोळी. तासभर आधी उठून घेऊन पाहिली, तर परत डोळा लागला आणि यांचाच चहा बुडाला. हे अजून सवयीने बशीतच ओततात आणि अर्धा कप ओट्यावर ठेवून गोठ्यात जातात. मी तो नंतर पिते, गार. गरम केला एकदा, तर तसा लागला नाही. मला चहाच हवाय का पण?

आज घरात पाऊल टाकलं तोच यांनी विचारलं, "काय निघालं?"

"नॉर्मल आहे."

"मंग गोळी बंद ना?" किती घाईने विचारलं.

"नाही. कायम घ्यायची."

"कायम व्हय." गोठ्याकडे निघाले, दारात थांबले. "मी ठेवतोय तुझा अर्धा. रोज."

आणि मी त्याला सवय म्हणत होते. उद्याही तो गारच प्यायचा.