मोजून वाढलेला भात

गोंदिया
४ नोव्हेंबर २०२४

ती. आईंना,
रीताचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

"या घरी भात मोजून नाही वाढत वो. पोट भरलं का तूच हात आडवा करजो." लग्नानंतर केशोरीला पहिल्यांदा पंगतीत बसले, तेव्हा तुम्ही मला हे म्हणाला होतात. मी लाजून एका वाढणीतच ताटावर हात आडवा धरला होता. तुम्ही तो उचलून बाजूला ठेवला आणि पुन्हा वाढलंत. माहेरी आम्ही पाच बहिणी. दुसऱ्यांदा भात मागायच्या आधी चुलीवरच्या गंजात वाकून किती उरलाय ते बघायची मला सवय होती. तुमच्या गंजात मी वाकून पाहिलं नाही, कारण त्याचा तळ कधी दिसतच नसे. हे वाक्य मी इतकी वर्षं विसरले नव्हते. पण मधले काही महिने त्याच्याकडे पाठ फिरवून बसले होते.

तुमचा डोळा कसा आहे? थेंब टाकणं संपलं का? तुमची धाकटी सून मोनाली म्हणाली की तुम्ही आता चष्म्याशिवाय मिरच्या निवडता. ऐकून बरं वाटलं. म्हणूनच हे पत्र मोठ्या अक्षरात लिहिते आहे, तुम्ही पोथी वाचता तसं बोट ठेवून तुम्हालाच वाचता यावं. मोनालीला किंवा दुर्गेशभाऊजींना वाचायला देऊ नका. फोनवर बोलले असते, पण फोनवर तुम्ही "बरी हाओ" म्हणता आणि लगेच मोनालीच्या हातात देता. त्यात तुमची चूक नाही.

इकडे सगळं ठीक. यांच्या मिलमध्ये नवा धान यायला लागलाय. उसन्या तांदळासाठी धान उकडतात, त्याची वाफ सकाळपासून आपल्या गल्लीत पसरलेली असते. तुमची नात रिंकू सुट्टीत येऊन गेली. माझ्याकडे दिवाळीच्या ब्लाउजांची गर्दी होती, आता जरा मोकळी आहे. आणि हो, माझं वजन उतरलं. माझेच ब्लाउज मी दोनदा आत घेतले. गल्लीतल्या बाया विचारतात, काय केलंस गे, आम्हालाही सांग. मी सांगते, काकडी खाते, ताक पिते. त्या कौतुक करतात आणि माझी मान खाली जाते. त्यांना वाटतं मी लाजले.

तुम्ही आषाढात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आलात, त्याच सुमारास माझं हे सुरू झालं होतं. गुडघे बोलत होते, साखर काठावर होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की वजन उतरवलं नाही तर साखरेचीही गोळी सुरू करावी लागेल. आहार सांगणारी एक मुलगी होती, रिंकूपेक्षा थोडीच मोठी. तिने दिवसाला बाराशे कॅलरी ठरवून दिल्या. रिंकूने माझ्या फोनमध्ये हिशेब करणारं ॲप टाकलं. मोजायची एक वाटीही आली. तुम्ही ती वाटी हातात घेऊन फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, "आता भाताले बी मीटर बसवला का?" हे इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसले. तेव्हा मला अजून भूक लागायची होती.

आई, भूक काय असते हे मला वाटायचं मला माहीत आहे. श्रावणातले सोमवार केलेत, नवरात्रं केलीत. पण उपासाची भूक वेगळी. तिला दुसऱ्या दिवशी सुटका असते आणि घरातली माणसं म्हणतात, दमली असशील, बस जरा. ही भूक रोजची होती आणि तिला कुणी मान देत नव्हतं. सकाळचा नाश्ता झाला की थोड्याच वेळात ती यायची. मी पाणी प्यायची, बडीशेप चघळायची, मशीन जोरात चालवायची. मिलची वाफ खिडकीतून आली की माझे हात कापडावरच थांबायचे. एका गिऱ्हाइकाच्या बाहीची उंची मी तिच्यासमोरच चुकीची कापली आणि वर तिलाच ओरडले. पोटापेक्षा हाताला जास्त भूक लागते हे मला तेव्हा कळलं. हात आपोआप डब्याच्या झाकणाकडे जायचा.

आणि सगळ्यात कठीण होता तुमचा भात. तुम्हाला दोन्ही वेळ भात लागतो. तो रटरटायला लागला, पेज वर आली की त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी यायचं, खरंच. तुम्ही डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलेल्या असायच्या आणि म्हणायच्या, "रीता, तू काऊन जेवून नाही राहिली वो? ये, माझ्या ताटात ये." तुमचा हात ताटाच्या काठावर माझ्यासाठी जागा करायचा. मी स्वयंपाकघरात उभी राहून दात दाबायची.

मग मी तुमचा भात कमी केला.

तुम्हाला सांगितलं की डॉक्टरांनी तुमच्याही साखरेसाठी भात कमी करायला सांगितलाय. यांनाही तेच सांगितलं. डॉक्टर फक्त म्हणाले होते, थोडं बघून खा आजी, आणि गोळी चुकवू नका. "थोडं बघून" या दोन शब्दांची मी माझ्या सोयीने मोजायची वाटी करून टाकली. तुमच्या साखरेचं निमित्त होतं. घरात जितका कमी भात शिजेल तितकी मी वाचेन, एवढंच माझं कारण होतं. पुढे पुढे मी रात्रीचा भात बंदच केला. हे मिलमधून येताना चौकात तर्री-पोहे खाऊन यायचे आणि घरी साळसूदपणे दोन पोळ्या घ्यायचे. मला कळत होतं. तुम्हाला मात्र चौक नव्हता. तुम्ही एकदाच म्हणालात, "मी का बकरी हाओ वो, काकडीच टाकून राहिली?" आणि काकडी खाल्लीत. मी ते हसण्यावारी नेलं.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला दोन दिवस टाळते आहे. काल ब्लाउजाच्या काजांचं निमित्त काढलं. आज काजंही संपली.

त्या दिवशी, ज्या दिवशी तुम्ही अंगणातल्या नळापाशी पडलात, मी तुमचा दुपारचा भात लावला होता. वाटीने मोजूनच, पण लावला होता. झाकून ठेवला होता. तुम्ही पोथी मिटून बाहेरच्या खोलीतून हाक मारलीत, "गोळी घेतली वो, आता वाढ." मी वाढायलाच स्वयंपाकघरात गेले. झाकण काढलं. सकाळपासून माझ्या पोटात बिनसाखरेचा चहा आणि अर्धं सफरचंद होतं. कुणी खायला मनाई केली नव्हती, मीच आदल्या दिवशी जास्त झालं म्हणून स्वतःला शिक्षा करत होते. मला वाटलं, एक चिमूट. मग उभ्या उभ्या, वरण न घेता, मीठ न घेता, मी गंजातच हात घातला. तळाची खरवड निघेपर्यंत खाल्लं. तुमचा भात, आई. तुम्ही गोळी घेऊन बाहेर वाट बघत होतात.

पुन्हा लावायला किती वेळ लागला असता? पण मग तुम्ही विचारलं असतं, पहिला कुठे गेला. म्हणून मी बाहेर येऊन म्हटलं, आज भात नाही लावला, तुमची साखर वाढली आहे ना. समोर काकडी आणि वाटीभर पातळ वरण ठेवलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. पट्टी सुटून चारच दिवस झाले होते, तुम्ही तेव्हा सगळ्याकडेच जरा जास्त वेळ बघत होतात. मग "बरं" म्हणालात, काकडीच्या दोन फोडी खाल्ल्यात आणि भूक नाही म्हणून ताट सरकवलंत. मी मशीनवर जाऊन बसले. कित्येक दिवसांनी माझं पोट भरलेलं होतं आणि शिवण सरळ येत होती. ते मला सगळ्यात जास्त आठवतं, की शिवण सरळ येत होती.

मग अंगणात पाण्याचा गडवा पडल्याचा आवाज आला.

तुम्ही घामाने ओल्या आणि गार झाला होतात. शेजारच्या खुशालने ऑटो काढला. ऑटोत तुमचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि माझा हात तुमच्या हातात. माझ्या बांगडीला भाताचं एक शीत वाळून चिकटलं होतं. तुम्हाला बोलताही येत नव्हतं, पण तुमचं बोट त्या शितावर थांबलं. तुम्ही ते नखाने खरवडून काढलंत आणि ऑटोच्या बाहेर टाकलंत.

मी तेव्हा स्वतःला समजावलं की तुम्ही भ्रमात होतात, हाताला काहीतरी चाळा हवा होता. मी बरेच दिवस हेच समजावत राहिले. पण दवाखान्यात सलाइन लागल्यावर, हे मिलमधून धावत आल्यावर, डॉक्टरांनी विचारलं, गोळी घेतली आणि जेवल्या नाहीत का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तुम्ही डोळे मिटलेले तसेच ठेवून म्हणालात, "उपास होता माझा."

हे तुमच्यावर किती रागावले. उपासाच्या दिवशी गोळी कायले घेतली, या वयात उपास कायले पाहिजेत, आम्हाला तोंड दाखवायला जागा ठेवशील की नाही. तुम्ही शाळेतल्या पोरीसारखं सगळं ऐकून घेतलंत. मी तुमच्या चपला हातात धरून पलंगाच्या पायथ्याशी उभी होते. मला एवढंच म्हणायचं होतं, त्यांना रागावू नका. तेही मी म्हटलं नाही.

दोन दिवसांनी तुम्ही धानाला निंदण आलंय म्हणून केशोरीला निघालात. निंदायला बाया लावलेल्या होत्या, मला माहीत होतं. मी डबा भरून दिला, तो तुम्ही बसस्टँडवर यांच्याच हाती परत पाठवलात. आज उपास आहे म्हणालात. दसऱ्याला आम्ही आलो, मी पहाटे उठून तुमच्या आवडीची लाखोरीची डाळ करून आणली होती. तेव्हाही उपास होता. हे म्हणतात, म्हातारपणी आईचे उपास फारच वाढले. मी परवा मोनालीला सहज विचारलं. ती म्हणाली, नाही हो ताई, घरी तर आई कोणताच उपास नाही धरत, एकादशीलाही दोनदा भात घेतात.

म्हणजे उपास फक्त माझ्या हातच्या अन्नाचा आहे.

मी रागावले नाही, आई. उलट मला हलकं वाटलं. घरात एक तरी माणूस खरं जाणतं आणि त्याप्रमाणे वागतं. यांच्यापुढे तुम्ही मला वाचवलंत, पण मला माफ केलं असं खोटं दाखवलं नाहीत. तुमच्या जागी मी असते तर यांना पहिल्या दिवशीच सांगितलं असतं. तुम्ही नाही सांगितलं, तर मीच सांगितलं. काल. हे उठले, स्वयंपाकघरात गेले, ती मोजायची वाटी कुठे आहे म्हणाले. मला वाटलं फेकणार. त्यांनी ती विसळून जागेवर ठेवली आणि म्हणाले, तुझी तू वापर, दुसऱ्याच्या ताटाला लावू नको.

मी अजून तेच खाते, डॉक्टरांनी सांगितलेलं. गुडघे खरंच कमी दुखतात. फरक एवढाच की आता मी वेळेवर बसून जेवते. आधी भाजी, मग वरण, मग थोडा भात, आणि स्वतःला उपाशी ठेवून शिक्षा करत नाही. भूक येते. आली की मी तिला ओळखते, थोडा वेळ तिच्यासोबत बसते, आणि ती जाते. इतकं सोपं होतं. घरात मात्र आता दोन्ही वेळ गंजभर भात शिजतो. उरला तर उरला. त्याच्या वासाने आता भूक लागत नाही. काय होतं ते मला सांगता येत नाही.

गावच्या मंडईच्या जत्रेच्या आदल्या दिवशी आपल्याकडे नवा असतो. नव्या तांदळाचा पहिला भात देवापुढे ठेवून मग मोठी सून तुम्हाला वाढते, आणि तुम्ही हात आडवा करेपर्यंत तिने थांबायचं नसतं. तुमच्या सासूबाईंना तुम्ही असंच वाढलंत आणि इतकी वर्षं मी तुम्हाला. यंदा मोनालीने वाढावं असं तुम्ही ठरवलंय, हे दुर्गेशभाऊजींनी यांना फोनवर सांगितलं. ते योग्यच आहे. त्यावर माझं काही म्हणणं नाही.

तरीही मागते. मोनालीने वाढून झालं, सगळे उठले, की मला एकदाच तुमच्या ताटापाशी बसू द्या आणि माझ्या हातून एक वाढणी घ्या. तुम्ही उपास आहे म्हणाल, हे मला ठाऊक आहे. म्हणालात तर मी गंज घेऊन तशीच परत जाईन, कुणाला काही कळणार नाही. पण मी बसेन तेव्हा लगेच हात आडवा करू नका, आई.

तुमची मोठी सून,
रीता