पाचटासकट इंग्रजी

५ ऑक्टोबर २०१५, सोमवार
नात दैवशाला इंग्रजीच्या चाचणीत पुन्हा नापास. सुरीला नाइफ म्हणायचं, पर लिहिताना आधी 'के' लावायचा. त्यो बोलायचाच न्हाई म्हणं, नुसता लिहायचा. कावून? मी म्हातारपणी साक्षरतेच्या वर्गाला गेलते, तिथं असलं फुकटचं अक्षर मला कुणी गिरवायला लावलं न्हाई.
धर्मराज, माझा ल्योक, भाकरी मोडता मोडता बोलला — "बास झाली शाळा. औंदा तोडीवर चल. तिथं झोपडीत, कोपीवर बसून बारक्या भावाला सांभाळ." पाऊस न्हाई, रानात काडी न्हाई. नवरा-बायको ऊसतोडीला जाणारच. पर पोरगी एकदा गेली की शाळेला परत येत न्हाई. मला ठावं हाय.

८ ऑक्टोबर
दूध संस्थेनं पोरांची भाषणं ठेवलीत — इंग्रजीचं स्पेलिंग सुधारावं का? पहिल्या नंबराला अंबाजोगाईच्या वसतिगृहात दहावीपर्यंत फुकट. चाऱ्यावाचून दूध आटलं, बक्षीस तेवढं आटलं न्हाई! धर्मराजकडून कबूल करून घेतलं. पहिली आली तर शिकंल, न्हाईतर तोडीवर.

११ ऑक्टोबर
डाळ करपली. दैवशाला भाषण घोकत व्हती, त्येच ऐकत बसले व्हते.

१५ ऑक्टोबर
जिंकली! अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.
आधी संस्थेचे चेअरमन बद्रीनाथ, त्यांचा नातू बोलला. वाडवडलांनी घालून दिलेलं मोडू नये म्हणं. टाळ्या लई. मग आमची उठली, सरळ चेअरमनकडं बघून म्हणली, "आबा, तुमी तोडीचे मुकादम व्हता. कारखाना पाचटासकट ऊस घेतो का?"
"न्हाई गं. पाचट, समदा वाळला पाला सोलूनच गाडी भरावी लागती."
"मग न बोलणारी अक्षरं आमीच कावून वाहायची? तोडीवरचं लेकरू आधीच अर्धं साल शाळेबाहेर. आल्यावर त्यानं भाषा शिकावी का पाचट उचलावं?"
पहिली टाळी चेअरमनची! नातवानं तोंड वाकडं केलं, म्हाताऱ्यानं त्यालाबी टाळी वाजवायला लावली.
वाटंनं इचारलं, हे पाचटाचं सुचलं कुठून. म्हणली, पाचट सोलून चिरलेले आईचे हात बघून. सून पदरात तोंड घालून पुढं चालली. पोरीचं दप्तर धर्मराजनं धरलं व्हतं.

२४ ऑक्टोबर
दैवशालाला वसतिगृहात सोडून आलो. बारक्याला कोण सांभाळणार, म्हणून सून घाबरी झालती. माझं गाठोडं बांधून झालंय. पहाटं तोडीचा ट्रक येतोय, पोरीच्या जागी मी चाललेय.