बाबांना वाचून न दाखवायचा मजकूर

ती. ताईस,

दुरूनच वाकून नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. बाबांना एवढंच वाचून दाखव.

पुढचं तुझ्यापुरतं. बाबांच्या फुप्फुसांच्या आजारावरच मी नऊ वर्षं संशोधन करतोय. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींना दिवसाआड भरवावं लागतं, म्हणून दोनदा घरी यायचं तिकीट रद्द केलं. परवा त्या पेशींना बुरशी लागली. सगळ्या फेकाव्या लागल्या. माझा करारही महिनाअखेर संपतोय. साहेब म्हणाले, "संशोधनात असं चालायचंच." त्यांची नोकरी कायमची आहे, त्यांचं चालतं.

तू बाबांना चमच्याने भरवतेस. घास गिळतात का गं?

मी शनिवारी येतोय. "औषध सापडलं का रे?" असं त्यांनी विचारलं, तर काय सांगायचं ते तूच ठरवून ठेव.

तुझा,
शेहेचाळीस वर्षांचा शिकाऊ भाऊ