खोडलेलं दिसतं

मुलुंड (पूर्व), रविवार

चि. अनय यास शरच्चंद्रकाकाचे (शिल्लक असलेले) आशीर्वाद.

तुझी तब्येत, नोकरी आणि डोक्यावरचे केस जागेवर असतील अशी आशा आहे. आमचं विचारू नकोस. वाट लागली आहे आणि ती तू लावली आहेस.

सोसायटीसाठी तू इंटरनेटवर जे पान बनवून दिलंस, त्याचं कौतुक मीच सगळ्यांत जास्त केलं होतं. जुन्या पानावर नवीन काही आलं का हे बघायला दरवेळी बटण दाबावं लागे. तुझ्या पानावर म्हणे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली वाट कायम उघडी, इकडचं तिकडे, तिकडचं इकडे, लगेच. 'लगेच' म्हणजे 'पाठवा' दाबल्यावर, असं मी धरून चाललो. (कुणीही शहाणा माणूस तेच धरेल.) प्रत्यक्षात मी टाइप करतो ते एकेक अक्षर त्याच क्षणी सगळ्या घरांत उमटतं, हे तू सांगितलं नाहीस. आता माझी रीत तुला ठाऊक आहे. कचेरीत जन्म गेला. आधी मनातलं सगळं कच्च्या कागदावर ओतायचं, तो फाडायचा आणि मग 'सविनय' लिहायचं. माझी पेन्शन या सवयीवर उभी आहे. तर परवा पाण्याच्या टाकीचं झाकण पुन्हा उघडं राहिलं, म्हणून शेजारच्या लवूला लिहिलं, 'तू जन्माचा बेफिकीर. तुझ्या हातात टाकीची किल्लीच काय, आरतीतली घंटासुद्धा देऊ नये.' मन हलकं झालं. मग ते खोडून लिहिलं, 'श्री. लवू परब यांनी कृपया झाकण लावून सहकार्य करावे.' तोवर खालच्या विमलाबाई चहा घेऊन वाचत बसल्या होत्या. मी खोडायला लागलो तेव्हा त्या हळहळल्या म्हणे.

रोज संध्याकाळी कॅरम खेळायला येणारा लवू तेव्हापासून आलेला नाही. त्याची बेल वाजवली, तर आत टीव्हीचा आवाज वाढला. अनय, बाकीचं हसण्यावारी नेईन, पण संध्याकाळी कॅरमसमोर एकटा बसलो की चहा तसाच गार होतो. (तुझी उत्तराकाकू खेळते, पण राणी मिळाली की उठून जाते.) पानावर माफी मागावी, तर तिचाही कच्चा मसुदा चारचौघांत. तेव्हा ती उघडी वाट आजच्या आज बंद कर.

तुझा हताश काका

ता. क. एवढं लिहितोय तोच पानावर लवूच्या नावापुढे हिरवा ठिपका लागला. एकेक अक्षर उमटत गेलं, 'मेल्या शरद्या, चाय ठेव. मी येतंय.' मग ते सगळं खोडलं गेलं आणि आलं, 'श्री. शरच्चंद्र वैद्य यांच्या सूचनेची नोंद घेण्यात आली आहे.'

आणखी एक. खोडलेलं मला दिसतं, हे त्याला चांगलंच माहीत आहे. पानाला हात लावलास तर बघ. चहा उकळलाय.