दोन बोटं खाली

प्रिय रोदिओन,

बारा वर्षं तू मला बर्फावर डोक्याच्या वर उचलतोयस. डोळे मिटूनही तुझा हात माझ्या कमरेवर नेमका बसायचा. गेला आठवडाभर तो दोन बोटं खाली बसतोय. विचारलं तर माझ्यावरच खेकसलास, "तुझं वजन वाढलंय, झ्लाता. काळा पावही सोड!" मी तोही सोडला.

आज पेर्म शहरातल्या स्केटिंग रिंकवर मी तासभर आधी पोचले. बर्फावर कुणा दोघांच्या स्केट्सचे ताजे ओरखडे होते आणि बाकावर बायकी हातमोजे. आपल्या कोचबाई म्हणाल्या, "सफाईवालीचे असतील गं." मी घालून पाहिले, तर ते बोटांतच अडकले.

तुझा हात चुकत नाहीये. त्याला माझ्याहून बुटक्या मुलीची सवय लागलीय.

आजवर मी डोळे मिटून वर जायचे. उद्या उघडे ठेवीन.

अजून तरी तुझी जोडीदार,
झ्लाता