कंदील विझला तर उतरू नये

३० सप्टेंबर १९४६
बनूचा हात मोडला. डावा, मनगटाच्या वर. मोडला कसला — मीच मोडला, पलटणीतनं सुटताना आणलेल्या पट्ट्यानं. बक्कल हाडावर बसलं. भाकरी करपली होती एवढंच आठवतंय. सकाळी शुद्धीवर आलो तर ती चुलीपुढं हात मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती.

३ ऑक्टोबर
वडूजहून तिचा भाऊ सयाजी आला. बोलायच्या आधी मला दाराच्या अडण्यानं हाणलं. दोन दात हलतायत. मी हात उचलला नाही. कोणत्या तोंडानं उचलणार?
"दाजी, दारू सुटल्याबिगार वडूजच्या वाटंला आलासा तर तंगडी तोडून हातात दीन."
बनू निघताना म्हणाली, "दारू सोडा. मी मागारी येते."
ती गेली आणि मी गुत्त्यावर गेलो. असला मी!

७ ऑक्टोबर
हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर, जमिनीतल्या त्या खोल कोठारांवर, हमालीला लागून मला वर्ष होत आलं. पेव उघडलं की लगेच उतरायचं नसतं. जमिनीत सहा-सात महिने कोंडलेली हवा माणूस मारते. दोन-तीन तास उघडं ठेवायचं, मग दोरीनं कंदील सोडायचा. जळत राहिला तर उतरायचं. त्या रिकाम्या वेळात मुकादम केरबाअण्णा पाच-सहा जणांना घेऊन चिंचेखाली बसतो. सगळे पिणारे, सोडू बघणारे. आज मलाही मनगटाला धरून नेलं.

तिथं शिरस्ता एकच. आपण काय केलं ते आपल्या तोंडानं सांगायचं. बाकीच्यांनी हसायचं नाही, हाणायचं नाही. अण्णानं आधी स्वतःचं सांगितलं. बेचाळीसनंतरच्या धामधुमीत गावच्या भूमिगत पोरांनी दारूपायी त्याच्या तळपायांवर काठ्या हाणल्या होत्या. "चार म्हैनं रांगलो, गड्या. आन पाय बरं झाल्यावर पैल्यांदा कुठं गेलो? गुत्त्यावर. मारानं सुटत न्हाई रं."

आमच्यातल्याच अर्जुना हमालानं आईला विळा फेकून मारला होता. खांद्याचं हाड दिसलं म्हणाला. मी पट्ट्याचं सांगितलं. शेवटी म्हटलं, "मी न्हवं अण्णा, दारूनं मारलं." सगळ्यांनी माना हलवल्या. अण्णानं तेवढी हलवली नाही.

८ ऑक्टोबर
प्यालो नाही.

९ ऑक्टोबर
आजही नाही. दोनदा ओकलो.

२४ ऑक्टोबर, दिवाळी
सतरा दिवस. अर्जुनानं माझी राखण केली, मी अर्जुनाची. गुत्त्यापुढनं दोघं हात धरून गेलो, जत्रेत पोरं जातात तसे. लोक हसले. हसू देत.

१८ नोव्हेंबर
अर्जुना फुटला. सकाळीच पिऊन आला. पेव नुकतंच उघडलेलं. आमच्यात बसायची लाज वाटली असणार. "मला काय हुतंय" म्हणत कंदील न सोडताच दोर धरून उतरला. दहा मोजेपर्यंत आवाज बंद. अण्णानं कंदील सोडला, तो निम्म्यातच विझला.

मी कमरेला दोर बांधला, श्वास कोंडला आणि उतरलो. अण्णा नको नको ओरडत होता. अर्जुनाच्या काखेत दोर अडकवला. वर ओढला तेव्हा तोंड काळंनिळं. छाती दाबली, पाणी मारलं. शेवटी खोकला. जगला!

तो खोकला आणि मी त्याला मारायला लागलो. तोंडावर, बरगड्यांत. नाकाचं हाड फुटल्याचा आवाज आला तरी थांबलो नाही. तिघांनी मिळून मला ओढून काढलं. मारताना लय बरं वाटलं. इथं खोटं कशाला लिहू?

हमाल म्हणाले, जीव वाचवला, दोन ठेवून दिल्या तर काय बिघडलं? अण्णानं मला बाजूला नेलं.
"आज पिला हुतास?"
"थेंब न्हाई, अण्णा."
"मग त्येला कुणी मारलं रं, नाथा?"
असा राग आला! तसाच घरी निघून आलो.

२ डिसेंबर
पेवाची गोष्ट वडूजपर्यंत गेली. सयाजीचं कार्ड आलं. दाजी, दारू सुटली असं ऐकलं, रविवारी बनूला घेऊन येतो. तीनदा वाचलं. अण्णाला दाखवलं तर म्हणतो, "जरा थांब. पेव नुस्तं उघडलंय. कंदील कुठं सोडलायस अजून?"
म्हातारा जळतोय माझ्यावर. सयाजीला 'या' म्हणून कळवलं.

८ डिसेंबर, रविवार
बनू आली. हात वाकडाच सांधलाय. उंबऱ्यात थांबून तिनं आधी माझं तोंड हुंगलं, भावाच्या देखत. मग हसली. सयाजीनं मला मिठी मारली. त्याच्या खांद्यावर डोकं टेकून मी रडलो, उगाच का लपवू. भाकरी तिनं एका हातानं थापली. दुपारी जाऊन पट्टा कृष्णेत फेकून आलो. आता ती इथंच राहील.

११ डिसेंबर
पासष्टावा दिवस. थेंब नाही. कालवणात मीठ जास्त पडलं. पट्टा नव्हता, हातानंच मारलं बनूला. या खेपेला सगळं आठवतंय. मारून झाल्यावर ती उठली, जवळ आली आणि माझं तोंड हुंगलं. पुन्हा एकदा हुंगलं. मग लुगडी गाठोड्यात बांधायला लागली.