दोन माना, दोन पाकिटं

३ सप्टेंबर, बुधवार. दुपारी १२.४०
तीन एचपीची मोटार रिवाइंड करताना उजव्या हातातून तार सुटली. उचलली, पुन्हा सुटली. हात जणू दुसऱ्याच कुणाचा. गिऱ्हाइकाला 'उद्या या' म्हणायचं होतं, तोंडातून भलतंच निघालं. एकूण नऊ मिनिटं. (घड्याळ लावून मोजली.) निदान : उकाडा, अधिक वार्निशचा वास. डॉक्टरची गरज नाही.

४ सप्टेंबर
दुर्गाने डॉक्टरकडे नेलंच. गिऱ्हाइकाने परस्पर बायकोला सांगायचं, ही कुठली रीत? डॉक्टर तरुण. म्हणाले, मेंदूचं रक्त थोडा वेळ अडलं असेल, ही वॉर्निंग समजा. मानेच्या धमन्यांचा डॉपलर आजच करा. नळीत थर साचला असेल तर दिसेल. त्याचा तुकडा सुटून वर गेला की लकवा. मी म्हणालो, माहीत आहे. (नव्हतं. घरी येऊन चार व्हिडिओ पाहिले. आता आहे.)
अमरावतीत करणार नाही. आमचं बडनेरा लागूनच, आणि अर्धं गाव बीपी-शुगरचा सल्ला माझ्याकडून घेतं. त्यांनी मला सोनोग्राफीच्या बाकावर पाहणं बरं नाही. अकोल्याला करू. सोमवारी. 'आजच' म्हणजे लवकर.

८ सप्टेंबर, सोमवार. अकोला
धाकटी बहीण सुंदरा इथे जुन्या शहरात दिली आहे. जावई जानराव, वय ५५, गावाबाहेर झेंडूचा मळा. सुंदराला सांगितलं, जावईबापूंची तपासणी करायला आलो, मी आपला सोबतीला. जानराव म्हणाले, मले काय धाड भरली? मी म्हणालो, झाल्यावर कळून उपयोग काय? त्यावर ते चप्पल घालून निघाले.
जावई म्हणून पहिला नंबर त्यांना दिला. जेल लावलं तर गुदगुल्या होऊन राहिल्या म्हणून हसत सुटले. चार मिनिटांत मोकळे. माझ्या वेळी टेक्निशियन बाईने खुर्ची पुढे ओढली. उजवीकडे दोन मिनिटं, डावीकडे अकरा. मशीन स्लो असावी.

९ सप्टेंबर
पाकिटं आणली. जानरावांचं : सर्व नॉर्मल. माझं : डाव्या धमनीत मऊ थर, नळी सत्तर टक्के बंद, तातडीने डॉक्टरांना दाखवा.
तीनदा वाचलं. मग लक्षात आलं : अदलाबदल! जानराव रोज तर्री ओरपतात, वर तंबाखूचा खर्रा. मी २०१९ पासून ओट्सवर. त्यांना नॉर्मल आणि मला सत्तर, हे शक्यच नाही. कागदावर वय ५३ आहे, म्हणजे माझं. पण नाव बदललं तर वयही बदलणारच. खाली शेरा : 'मान आखूड, इमेज घेणे कठीण.' जानरावांची मान बगळ्यासारखी आहे. तरी हे टेक्निशियनचं वैयक्तिक मत झालं.
दोन्ही रिपोर्टांवर नाव आणि वय पेनाने दुरुस्त केलं.
सुंदरा रडली. म्हणाली, भाऊ, तू होता म्हणून कळलं.

१० सप्टेंबर
जानरावांना घेऊन इथल्या डॉक्टरांकडे. त्यांनी विचारलं, हात कधी सुन्न पडला होता? जानराव म्हणाले, नाही जी. मी म्हणालो, पडला होता, उजवा, नऊ मिनिटं. जानराव आपला उजवा हात उलटसुलट करून पाहू लागले. रक्त पातळ करायच्या गोळ्या मिळाल्या. संकल्प : रोज रात्री आठला फोन करून त्यांची गोळी तपासणे.

१६ सप्टेंबर
फोनवर सुंदरा म्हणाली, हे फळीसारखे पडून राहतात, वाकत नाहीत, उकडलेला दुधीभोपळा खातात. मान वाकवू नका हे मीच सांगितलं होतं. पण झेंडू वाकल्याशिवाय तोडता येत नाही, हे तेव्हा ध्यानात नव्हतं. दसरा दोन ऑक्टोबरला.

२० सप्टेंबर. दुपारी ४.०५
पुन्हा हात. या वेळी सहा मिनिटं. नवाचे सहा, म्हणजे ३३ टक्के सुधारणा. दुर्गाला सांगितलं नाही. तिने अमरावतीच्या डॉक्टरांचं विचारलं, तर रिपोर्ट नॉर्मल आला म्हणालो. पाकीटही दाखवलं.

२२ सप्टेंबर, सोमवार
अकोल्याला जाऊन आलो. सुंदरा मळ्यात एकटीच तोडत होती. बोटं काळी-हिरवी झालेली. म्हणाली, अर्धा माल झाडावरच सुकून राहिला. जानराव खाटेवर. खर्रा सोडला आहे. हळूच म्हणाले, किशोरभाऊ, तुमी शिकलेले नसूनही एवढं वाचता, खरं सांगा. माह्यानंतर हिले हा मळा झेपन काय?
सांगणार होतो. तेवढ्यात चहा आला.
परतीच्या गाडीत ठरवलं, मूर्तिजापूरला उतरायचं, उलटी गाडी धरायची आणि सांगून टाकायचं. मूर्तिजापूरला गाडी पाच मिनिटं उभी होती. मी पाणी प्यायलो.

२४ सप्टेंबर
आज आठचा फोन केला नाही. नेटवर्क नव्हतं. (होतं.)

२६ सप्टेंबर
सुंदराचा फोन. डॉक्टर म्हणतात, नागपूरला ऑपरेशनसाठी पाठवायच्या आधी डॉपलर पुन्हा करू. ती म्हणाली, भाऊ, तू ये, तुह्याशिवाय मले काही समजत नाही.

२९ सप्टेंबर, सोमवार. अकोला
तेच सेंटर, तीच बाई. जानराव झोपताना माझा हात धरून होते. चार मिनिटांत ती म्हणाली, यांच्या नळ्या स्वच्छ आहेत, रिपोर्टवर पेनाने कोणी लिहिलं? मग कम्प्युटरवर जुनी इमेज काढली आणि माझ्याकडे बोट केलं : हे होते.
जानराव उठून बसले. जेल पुसलं. खूप वेळ पुसत होते. मला वाटलं, आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तपासणीच्या खाटेवर बसवलं, माझी चप्पल काढून बाजूला ठेवली आणि म्हणाले, झोपा.
बाईने पुन्हा पाहिलं : सत्तरचे आता ऐंशी.

३० सप्टेंबर. नागपूर, हॉस्पिटल
सुंदरा आणि दुर्गा दोघी सोबत. जानराव मळ्यात; उरलेली फुलं तोडताहेत. त्रास कधीपासून, या रकान्यात ३ सप्टेंबर लिहिलं. अक्षर वाकडं आलं. डॉक्टरांनी वाचलं आणि विचारलं, मग सत्तावीस दिवस काय करून राहिले होते?
सुंदरा म्हणाली, माह्या मालकाची काळजी करून राहिला होता.
डॉक्टरांना ते चांगलं वाटलं. म्हणाले, असा भाऊ नशिबानं मिळतो. सुंदराने मान हलवली आणि खिडकीकडे तोंड केलं. मी चूक दुरुस्त केली नाही.